तिसऱ्या घंटेच्या आत

फोन तिसऱ्या घंटेच्या आत उचलायचा,
एवढंच तर शिकवलं होतं मी तिला पहिल्या दिवशी.
निइगाता, एप्रिल, रस्त्याकडेला अजून मळका बर्फ,
पंपांचे व्हॉल्व विकणारी आमची कंपनी
आणि नवी मुलगी, माहिरो कुवाबारा, वय तेवीस.
घंटा वाजली की तिचे खांदे कानांपर्यंत चढायचे.

"घरी फोन नव्हता का गं तुमच्या?"
"होता ना. प्रत्येकाचा होता."
म्हणजे दुसऱ्यासाठी आलेला फोन
तिनं जन्मात कधी उचलला नव्हता.
'आई अंघोळीला गेलीय, थोड्या वेळानं करा,'
हे वाक्य मी सहाव्या वर्षी म्हणायचो
स्टुलावर चढून, छाती फुगवून.
तिच्या घरात ते स्टूलच नव्हतं.

कॉलेजची दोन वर्षं तिनं एका खोलीत काढली.
पडद्यावर चौकोन, चौकोनांत काळोख आणि नावं.
कँटीन उघडलं तेव्हा समोर प्लास्टिकची भिंत
आणि पाटी: बोलू नका, जेवा.
हे मला नंतर कळलं.
तेव्हा मी म्हणत होतो, आजकालची पोरं!
जेवणानंतरच्या ढेकरेसारखं
आपोआप येतं ते तोंडात.

ओरडलो नाही मी कधी.
फक्त उसासा टाकायचो,
तिला ऐकू जाईल एवढा.

जूनमधला मंगळवार, नऊ वाजून दोन मिनिटं.
फोन मीच उचलला, दुसऱ्या घंटेला.
परका, मऊ आवाज:
"कुवाबारा यांच्या वतीनं राजीनामा कळवतो आहे.
कृपया त्यांच्याशी थेट बोलू नये.
गणवेश टपालानं येईल."
याचेच पैसे घेतात म्हणे हे लोक.
आम्ही इतके भयंकर आहोत का हो,
असं विचारणार होतो,
तेवढ्यात तो धन्यवाद म्हणाला.

गणवेश आला. इस्त्री केलेला.
खिशात चार पानं, बारीक, सरळ अक्षर.
गोदामाची किल्ली तिसऱ्या खणात, कात्रीखाली.
खिडकीतल्या झाडाला गुरुवारी पाणी, जास्त नको.
साकाताच्या ओनोदेरा आजोबांना ऐकू कमी येतं,
ते कबूल करत नाहीत, त्यांना फॅक्सच पाठवा.
तीस वर्षं मी त्या माणसाशी ओरडून बोलतोय,
आणि मला वाटायचं, तो हट्टी आहे.

शेवटच्या पानावर, खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं:
'फोन ठेवल्यावर तुम्ही थोडा वेळ
रिसीव्हरवर हात तसाच ठेवता.
मला वाटायचं, तुम्हालाही भीती वाटते.
विचारायचं राहिलं.'

उत्तर लिहायला घेतलं.
'हवा बदलते आहे, काळजी घ्या'
याच्यापुढे मला एक ओळ सुचेना.
कागद खणात टाकला, कात्रीखाली.

आत्ता वाजतोय.
हात ठेवलाय त्याच्यावर.
चौथी घंटा.
सगळं ऑफिस माझ्याकडे बघतंय.