वाटेचा वाटा

कापिरीच्या नाक्यावर रात्रपाळीला
मुटिंटा ट्रकांचा एकेक आस तोलते.
पहिला सहा टन. दुसरा नऊ.
तिसरा साडेअकरा. तांबडा दिवा.

कॉलेजात तिला एकच गोष्ट लख्ख कळली होती :
आसावरचं ओझं दुप्पट झालं
की रस्त्याची दुखापत सोळापट.
दुप्पट नव्हे, सोळापट.
तेव्हापासून टोमॅटो घेतानाही
ती उगाच चौथा घात करून बघते.

तसं सोपं आहे, तिला वाटायचं,
ज्यानं वाट लावली त्यानं वाटा उचलावा.
पण पावसानं उखणलं ते कुणाच्या नावावर?
आणि पूल?
कडेचे पांढरे पट्टे?
डोईमागे सारखे वाटले तर मोटारवाले ओरडतात,
वजनावर वाटले तर ट्रेलरवाले.

सालेहे केबिनमधून उतरतो, दार-एस-सलामचा.
मागे तांब्याचे पत्रे, चौतीस टन.
"तांबं माझं नाही, बाई. ट्रकही नाही.
माझी नुसती झोप आहे,
ती तुमच्या नाक्यावर उभी आहे."
मग वर बघतो.
"हा दिवा पेटतोय ना,
त्याची तार कशाची?"

मुटिंटा पावती फाडते.
दंड मालक भरणार, मालक भाडं वाढवणार,
भाडं मक्याच्या पिठात शिरणार
आणि ते पोतं एक दिवस
तिच्याच दारात उतरणार.

पहाटे चिसांगा येतो, कोळशाची तीन पोती सायकलवर,
मागून बघितलं तर माणूस दिसतच नाही.
वाहनं नाहीत, म्हणून गंमत :
ती त्याला काट्यावर घेते.
चाकामागे एक दशांश टन.
चौथा घात. दहा हजारांतला एक.
"माझे किती झाले?" तो खिसा चाचपत विचारतो.
"काही नाही. जा."

तेवढ्यात भार सारून सालेहेचा ट्रेलर सुटतो,
लांब भोंगा.
चिसांगा सवयीनं उतरतो,
सायकल गवतात ओढतो,
डोळे मिटून धुरळा बसायची वाट बघतो.
मग पुन्हा सगळं ओझं डांबरावर चढवायचं.
गावापर्यंत असं किती वेळा?

तक्त्यात याला रकाना नाही.
मुटिंटा पेन्सिल काढते,
समासात एक उभी रेघ ओढते.
दूर दुसरे दिवे दिसतात.
चिसांगा अजून सायकलवर बसलेला नाही.
ती पेन्सिल खाली ठेवत नाही.