नादकाटा

डॉक्टर माझियानं नादकाटा तळहातावर आपटला
आणि दांडा टेकवला सिलोवानच्या अंगठ्यावर.
"थांबला की सांगा."
"थांबला," तो म्हणाला. लगेच.
मी शेजारी उभी. मला अजून ऐकू येत होता,
खिडकीत अडकलेल्या माशीएवढा.

ओझुर्गेतीतल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयताला
चाळीस वर्षं खालचा सूर ह्यानंच धरला,
ज्याच्यावर वरचे दोघे हव्या तशा उड्या मारतात.
त्याला स्वतःच्या अंगठ्यातला सूर लागेना.
बधिर, डॉक्टर म्हणाली.
कानाला म्हणतात तेच पायाला.

पण रात्री हेच बधिर पाय बोंब ठोकतात.
आधी म्हणायचा, मुंग्या.
मग मिरची चोळल्यासारखं.
मग चादरीचा काठ लागला तरी शिवी.
भर जानेवारीत पाय पांघरुणाबाहेर,
आणि त्याच महिन्यात शेगडीला टेकून बसला
तेव्हा कातडी जळल्याचा वास
मला आला. स्वयंपाकघरात.

"दारू?"
"दारू नाही. वाईन. घरची."
"किती?"
तो माझ्याकडे बघू लागला, मी छताकडे.

साखर दोनशे ऐंशी. बी-बारा तळाला.
"सगळ्यात लांबच्या तारा आधी जळतात,
म्हणून पायापासून सुरुवात," डॉक्टर म्हणाली.
"गेलेल्या परत येतील असं सांगत नाही.
उरलेल्या राखू."

मग इंजेक्शनं, साखरेच्या गोळ्या,
आणि झोपताना एक पिटुकली,
जी मुळात उदास माणसांसाठी निघाली होती.
"मी उदास नाही," सिलोवान भांडला.
"पायांना सांगा," ती म्हणाली.

अंगणात पुरलेल्या रांजणाचं तोंड
मी ओल्या मातीनं लिंपून टाकलं.
दोन दिवस बोलला नाही.

आता रोज रात्री दिवा आणि आरसा घेऊन
मी त्याचे तळवे वाचते,
बोटांच्या बेचक्या, टाचेची भेग.
एकदा बुटात नातवाचं बटण निघालं.
दिवसभर त्यावर चालला होता,
चहाच्या मळ्यापर्यंत आणि परत.

दुखणं दहापैकी किती, विचारतात.
नऊ होतं. मे महिन्यात सहा.
सहाला चादर चालते. सहाला तो गुणगुणतो.

काल टाच माझ्या हातात होती
आणि त्यानं तो खालचा सूर लावला.
टाचेत काहीतरी थरथरलं, अगदी बारीक.
"काय झालं?" त्यानं विचारलं.
"काही नाही. हलू नकोस,"
मी म्हटलं, आणि आरसा दुसऱ्या पायाखाली धरला.