मागचा पाय

पहिल्या दिवशी तुपे सर म्हणाले,
‘गुण दिलास की रिक्षा थांबवलीस?’
मी हात खाली घेतला.
खडकीच्या मैदानावर चुना अजून ओला होता,
एकच दिवा लागला होता,
दुसऱ्याची वायर कुणीतरी शोधत होतं.

सर दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं तपासणीला.
हातात आलेलं काडतूस पुढे पाठवायचं की मागे,
दिवसभर एवढंच ठरवायचं.
‘तिथं शंका आली की माल परत.
इथं शंका आली की गुण नाही.’
कबड्डीतली चाळीस वर्षं मात्र बिनपगारी:
प्रवासभत्ता, एक नारळ,
आणि हरलेल्या गावाच्या शिव्या.

सामना संपला की टपरीवर बसायचं.
गुणपत्रिकेच्या पाठीवर चमच्यानं
चहाची मध्यरेषा, चहाची निदानरेषा.
‘पकड झाली तेव्हा तू कुठं होतीस?’
इथं, मी बोट ठेवते.
‘तिथून तुला त्याची पाठ दिसली.
पाठीला दम नसतो, बाई. तोंडाकडं बघ.
तोंड बघायचं तर पळावं लागतं.
पंच काय फोटोला उभा राहतो?’
कागद वाळतो, रेषा तपकिरी होऊन राहतात.
असे सतरा कागद आहेत माझ्याकडे.

एकदा सगळ्यांसमोर बोलले.
मांडवात, खेळाडू पाय बांधत असताना.
‘पोरीला शिट्टी दिली,
नजर द्यायची राहिली.’
लोक हसले. गुणलेखकही हसला,
ज्याची बेरीज मी दोनदा झाकली होती.
घरी येऊन शिट्टी तूरडाळीच्या डब्यात टाकली.
तिसऱ्या दिवशी आईला ती सापडली.
तिनं धुतली, पुसली,
काही न विचारता माझ्या पिशवीत ठेवली.

‘चूक झाली तर तिथंच सोडायची,’
हे सांगताना सर माझ्याकडे बघत नव्हते.
‘दुसऱ्या संघाला गुण उधार देऊन
हिशेब मिटत नाही.
एकाच्या दोन चुका होतात, बस.’

तांबोळी चाचांनी नंतर सांगितलं.
कुठलीशी अंतिम फेरी, शेवटची चढाई,
आधीच्या चुकीची भरपाई म्हणून दिलेला एक गुण,
आणि एक पोरगा,
ज्याची कंपनीतली नोकरी त्या गुणावर टांगलेली.
तो आता मार्केट यार्डात वजनकाटा बघतो.
सर राहतात खडकीला.
कांदे अजून तिथूनच आणतात.
मोजून घेत नाहीत.

परवा भवानी पेठेत उपांत्य सामना.
एकतीस एकतीस. समोर सहा जण.
चढाईवाल्यानं बोनस रेषेपलीकडे पाय टाकला
आणि मागचा अंगठा मातीत राहिला,
नखाएवढा, पण राहिला.
मी बोनस नाकारला.
अख्खं पटांगण उठलं,
आणि सगळ्यांच्या वर एक आवाज, ओळखीचा:
‘मागचा पाय हवेत होता!’

मान भाजल्यासारखी झाली.
वळले नाही.
वळले असते तर
खुर्चीतला माणूस दिसला असता,
अंगठा नाही.

रात्री माझ्या स्कूटरवर मागे बसले,
मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ.
संचेतीपर्यंत एक शब्द नाही.
वाकडेवाडीच्या सिग्नलला म्हणाले,
‘टेकला होता?’
‘टेकला होता.’
‘हं.’
लाल दिवा चाळीसवर होता.
एकोणतीस.
‘डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे बुधवारी,’
हे त्यांनी मला नाही, त्या आकड्यांना सांगितलं.

हिरवा झाला. मागचे हॉर्न मारायला लागले.
‘आणि हात,’ माझ्या कानाशी ओरडले,
‘हात अजून खांद्याच्या वर जातोय तुझा!’