टोपीची कड

वर्नने एकोणचाळीस फोटो पाठवलेत,
क्लॅमथ फॉल्सच्या सरोवरावरचे,
ऑक्टोबरातल्या एकाच सकाळचे.
खाली एक ओळ :
‘ओळख पाहू, ललिता. वेस्टर्न की क्लार्क्स?’

मी ललिता नाही. त्याबद्दल पुढे.

आपल्याकडे बुडी मारून भलतीकडेच वर येते ना टिबुकली,
तिच्या नात्यातले हे ग्रीब, पण मानेनं उंच, घरंदाज.
गळा पांढरा, पाठ काळी, डोळा लाल गुंजेएवढा.
दोघेही तसेच, दोघेही त्याच पाण्यात.
पूर्वी शास्त्रज्ञसुद्धा त्यांना एकच समजत.

वर्नचं म्हणणं, पाठ सोड, मान सोड, आधी डोळा बघ.
काळी टोपी डोळ्याखाली ओढलेली, तर वेस्टर्न.
टोपी वरच थांबली, डोळा पांढऱ्यात उघडा, तर क्लार्क्स.
मग चोच :
एकाची हिरवट, अर्धवट पिकल्या लिंबाची,
दुसऱ्याची मोडलेल्या हळकुंडाची.

लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं
करवतींना धार लावली त्यानं.
एक दात केसभर कलला
तरी अंगठ्याला कळायचं म्हणे.

आणि तरी मी ललिता.

ललिता वेलुस्वामी एक्स-रे काढते, मी गुडघे वाकवते.
ती कोइमतूरची, मी चिपळूणची.
ती वीतभर उंच, डावखुरी, चष्मेवाली.
आमच्यात सारखी होती फक्त वेणी,
तीही तिनं गेल्या वर्षी कापली.
एका एप्रिलमध्ये मी तिच्या वाढदिवसाचा केक कापलाय.
आधी दुरुस्त करायचे. मग कंटाळले.
धुक्यात, शंभर हातांवरून, ज्याला टोपीची कड दिसते
त्याला म्हणे…
हे वाक्य मी भांडी घासताना पुष्कळदा म्हटलंय,
दर वेळी थोडं अधिक चांगलं.

गेल्या गुरुवारी किराणा दुकानात
पांढरी दाढी, चौकटीचा शर्ट, गिरणीची टोपी.
‘गुडघा काय म्हणतो, वर्न?’
मी खांद्यावर हातच ठेवला.
तो वळला.
म्हणाला, दोन्ही गुडघे उत्तम आहेत, आभारी आहे,
आणि बटाट्यांची पिशवी छातीशी धरून
अर्धं पाऊल मागे सरकला.
टोपीच्या कडेखाली डोळे निळे होते.

वर्नचे कसे आहेत?
तीन महिने त्याचा पाय माझ्या हातांत होता,
सत्तर अंश, नव्वद, एकशे दहा,
दुखलं की तो छताकडे बघायचा
आणि मी कोनाकडे.

आज फोटो सत्ताविसावा.
टोपी धड वर नाही, धड खाली नाही.
डोळ्यापुढे राखी धूसर काहीतरी.
थंडी जवळ आली की यांचे रंग कच खातात.
चोचीवर ऊन पडलंय, म्हणून तीही साक्षीला नाही.
ओरडला असता तर कळलं असतं,
एकाची हाक दुहेरी, दुसऱ्याची एकेरी.
पण फोटोत गळा दिसतो नुसता.

डोळ्यांत तेल घालून बघते. मोठा करते,
आणखी मोठा,
शेवटी चौकोनच उरतात, पक्षी जातो.

सगळी उत्तरं लिहिली.
सत्ताविसाव्यापुढे : ‘माहीत नाही.’
खाली सही, आडनावासकट : शलाका दिघे.

रात्री उशिरा त्याचं उत्तर :
‘चौथा आणि चौदावा चुकलीस.
सत्तावीस मलाही येत नाही. तीन दिवस बघतोय.
सोमवारी धक्क्यावर ये, दुर्बीण माझ्याकडे जादा आहे.’
मग बराच वेळ काही नाही.
मग नुसतंच नाव, माझं,
त्यात एक अक्षर जास्तीचं.

राहू दे.
सोमवारी जाईन.
आधी त्याला टोपी काढायला सांगेन.