दोन्ही ज

नोव्हेंबरात सहकारनगरच्या बँकेत
हयातीचे दाखले.
आपण जिवंत आहोत एवढंच सांगायला
माणसं साडेनवापासून जिन्यात बसतात,
पायरीगणिक एक पिशवी, एक चष्म्याचं घर.

माझ्यापुढच्या आजोबांनी काचेवर अंगठा ठेवला.
यंत्र लाल झालं.
धोतराला पुसला, ठेवला. लाल.
बोट बदललं. लाल.
"रेषाच नाहीत हो तुमच्या बोटांना,"
खिडकीतली मुलगी म्हणाली, दमून, रागानं नव्हे.
मागून एक आवाज :
"ज्यांचं होतंय त्यांचं तरी घ्या की आधी!"
आजोबा बाजूला सरायला लागले,
काठी, पासबुक, पिशवी एका हातात गोळा करत,
सगळ्यांना सॉरी म्हणत,
यंत्रालासुद्धा.

मी म्हटलं, "होऊ द्या. सावकाश."

खरं सांगते, एवढा धीर माझ्यात नाही.
गुडघा ठणकत होता, बाराला प्लंबर यायचा होता.
पण तो शब्द आमच्या घरचा,
अण्णांच्या तोंडचा,
माझ्याही तोंडून निसटतो, शिंकेसारखा.
पर्समधली व्हॅसलीनची डबी पुढे केली.
"चोळा जरा. आता फुंकर मारा."

सहाव्यांदा हिरवं.
जिन्यात कुणीतरी टाळी वाजवली.
ते आभार मानायला वळले
आणि माझ्या हातातल्या अर्जाकडे
उलट्या बाजूनं बघत राहिले.

"दोन्ही ज घातलेत."
"काय?"
"उज्ज्वला. लोक एकावरच भागवतात.
नाझरे मास्तरांच्या कोण तुम्ही?"

एकनाथ खळदकर.
नारायण पेठेत, बोळातल्या छापखान्यात
चौतीस वर्षं खिळे जुळवले.
उलटं वाचायची सवय गेली नाही,
रेषा मात्र तिथंच राहिल्या,
शिशात, रॉकेलच्या बोळ्यात.

"मास्तरांनी पुस्तिका आणली होती,
पेठांमधल्या पाणपोयांची. बत्तीस पानं.
कुठल्या रांजणात वाळा असायचा,
कुठल्या पेल्याला साखळी नव्हती, सगळं.
अर्पणपत्रिकेत तुमचं नाव,
आणि माझ्याकडे त्या टायपातला अर्धा ज एकच.
मालक म्हणाले, एकावर उरका, कोण बघतंय.
मी भीत भीत मास्तरांना सांगितलं,
खिळा मागवावा लागेल, आठ दिवस जातील.
मास्तर म्हणाले…"

ते थांबले.
मला ठाऊक होतं काय म्हणाले.

खिळा आला त्याच महिन्यात
छापखान्याला कुलूप लागलं.
अण्णा घरी कधी बोलले नाहीत.
मला आठवतं ते एवढंच :
संध्याकाळी उशिरा यायचे,
बाहीला शाईचा डाग, आणि आई साबण शोधायची.

रविवारी दत्तवाडीत गेले.
खळदकरांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून
आठ पानं काढली,
कडा चहाच्या रंगाच्या, घडीवर फाटलेली.
समासात अण्णांचं तांबड्या शाईतलं अक्षर.
"एवढ्या वर्षांत एकच गिऱ्हाईक असं,
ज्यानं माझ्यावर घड्याळ रोखलं नाही.
टाकवेना."

पहिल्या पानावर मधोमध :
चि. उज्ज्वलास,
तहान लागली की जिला फार घाई होते.

दोन्ही ज शेजारी शेजारी,
एक जुना, झिजलेला,
एक नवा कोरा.

मी हसायला गेले आणि ठसका लागला.
खळदकर उठले, काठी न घेता,
माठातलं पाणी घेऊन आले,
आणि पेला धरून समोर उभे राहिले,
काही न बोलता,
माझं आवरेपर्यंत.