पूर्ण एक मिनिट

घड्याळ मी छातीवर उलटं टोचते,
म्हणजे बघणाऱ्याला उलटं, मला सुलटं.
पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं,
बाकीच्या खाटांना चालतं.
तीन नंबरला चालत नाही.
तिचं हृदय पाढे म्हणणाऱ्या पोरासारखं
मध्येच एक गाळतं,
मग घाईने दोन एकदम म्हणून टाकतं.
तिच्यासाठी पूर्ण एक मिनिट.
साठाच्या खाली भरलं
तर ती बारकी गोळी द्यायची नाही.

तीन नंबर म्हणजे भागरता लांजेवार, मुक्काम खैरटोली.
आडवी झाली की बुडते,
म्हणून बसून झोपते.
पाठीशी दवाखान्याच्या दोन उशा,
त्यांच्या मागे घरची वाकळ.
पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो
आणि सावकाश भरतो,
रोवणीच्या बांधीतून पाऊल उपसल्यावर
भरतो तसा.

मे महिना. खिडकीतल्या कूलरला
दिवसाला चार बादल्या,
भागरताबाईला एक लिटर.
माझ्या पाकिटातल्या दहा टिकल्या
मी तिच्या बाटलीवर ओळीने लावल्यात.
तासाला वाटलं तर घोट, पण संध्याकाळपर्यंत
सहाव्या टिकलीच्या खाली जायचं नाही.
ती बाटलीकडे बघते, मग कूलरकडे.
"पुढल्या जलमी मी कूलर होतो, सिस्टर."

चाळीस वर्षं तिने फुकणीने चूल फुंकली.
ओली लाकडं, तुऱ्हाट्या, गोवऱ्या,
पावसाळ्यात तर नुसता धूरच शिजायचा.
आता मी शिकवायला बसले:
नाकाने आत, एक, दोन.
ओठांचा चंबू करून बाहेर,
एक, दोन, तीन, चार.
तिने ओठ धरले, अगदी नेमके,
पहिल्याच वेळी.
"हे मले येते," म्हणाली,
"याच्यानंच तं झालं."

मुलगा इस्तारी रात्री उठतो
आणि ऑक्सिजनचं चाक
दोनावरून पाचावर नेतो.
मी परत दोनावर आणते.
"जास्त देल्लं तं जास्त नाही का जगनार?"
सांगितलं त्याला,
हिचं शरीर थोडक्या हवेत राहायला शिकलंय,
एकदम भरभरून दिली
तर श्वास मागायचं विसरेल.
त्याने मान हलवली. पटलं नव्हतं.
शेवटी दोनाच्या आकड्यावर
अकरावी टिकली लावली.
आता हात लावत नाही.

परवा रात्री दीडला लाइन गेली.
यंत्राची घरघर थांबली
आणि त्या शांततेनेच वॉर्ड जागा झाला.
सिलिंडरची चावी नेहमीच्या खिळ्यावर नव्हती.
ती कुठे होती हे मी लिहिणार नाही,
पण त्या शोधात गेलेले क्षण
माझ्या ड्युटीच्या कुठल्याच रजिस्टरात नाहीत.
मग नळीत हवा सुरू झाली,
इस्तारीने मोबाइलचा उजेड धरला,
त्याचा हात हलत होता, उजेडही.
मी तिच्या छातीवर नजर ठेवून मोजत गेले.
छत्तीस. थोड्या वेळाने बत्तीस.
"फुकणी, भागरताबाई, फुकणी."
अठ्ठावीस.
लाइन आली तेव्हा कोणी काही बोललं नाही.
कूलर पहिला बोलला.

पहाटे पाचला तिनेच माझं मनगट धरलं.
"बस वं. तुही कोन मोजते?"
माझ्या हाडावर अंगठा दाबून
डोळे मिटून बोटांच्या पेरांवर
विसाविसाने मोजत राहिली,
घड्याळाशिवाय, तिच्या अंदाजाने एक मिनिट.
"दोन इसा न सात. साठाच्या खाली हाय.
तुही गोळी बंद."
आणि हसता हसता खोकली.

अंगठ्याने मोजू नये,
अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते,
हे पहिल्या वर्षाला शिकवतात.
मी काही बोलले नाही.
चार्ट ओढला, तिचा हात उलटा केला,
दोन बोटं ठेवली
आणि पहिल्यापासून,
पूर्ण एक मिनिट.