चिखलाचा हिशेब

रविवारी पुन्हा हरलो. तीन-शून्य.
बेल्मिरोच्या खानावळीतला टीव्ही कुणीतरी बंद केला,
भांडण चालू राहिलं.

मी मागच्या दाराशी. पायाशी दोन पोती:
सतरा जर्स्या, सतरा चड्ड्या.
मोजे मी मोजत नाही,
ते कधी जोडीनं आलेत?

आदेलिनो म्हणतो, आपला बचाव म्हणजे
दार सताड टाकून झोपलेलं घर.
सिल्वेरियो म्हणतो, प्रशिक्षक.
आदेलिनो म्हणतो, मागच्या वर्षीही तू हेच म्हणालास,
तेव्हा तर प्रशिक्षक दुसरा होता.
"आणि तो नऊ नंबर!"
अकरा सामने, एक गोल,
तोही समोरच्याच्या गुडघ्याला लागून गेलेला.
नव्याचे नऊ दिवस, बेल्मिरो गल्ल्यामागून म्हणाला,
आणि सगळे हसले, त्या दिवसात पहिल्यांदा.

मग गाडी पैशांवर आली. येतेच.
खजिनदार किंतिनो चष्मा पुसतो, वही उघडतो.
दिव्यांचं बिल पाच महिन्यांचं.
पगार नोव्हेंबरपासून अर्धे.
सार्डिनचा कारखाना होता तोवर
मालक दर जूनमध्ये खड्डा भरून द्यायचा.
आता कारखान्यात समुद्रपक्षी राहतात,
भाडं न देता.
माझ्या साबणाचे पैसे किंतिनोनं वाचले नाहीत.
ते त्याच्या वहीत नाहीत. माझ्या आहेत.

लिस्बनहून एक वकील येऊन गेला म्हणे.
त्याची कंपनी सगळं कर्ज फेडेल,
मैदान घेईल, तिथे सुपरमार्केट बांधेल,
आणि क्लबला देईल नवं स्टेडियम,
चौदा किलोमीटरवर, हायवेला लागून.
चिन्हावरचा मासा तेवढा काढायचा.
मासा विकला जात नाही, म्हणाला.
या गावात येऊन म्हणाला!

आदेलिनोनं मूठ आपटली, पेले उडाले.
सिल्वेरियोचा मुलगा, तेवीस वर्षांचा,
मोबाइलमधून मान न काढता म्हणाला,
मेलेल्या क्लबपेक्षा हायवेवरचा बरा.
कुणी त्याला गप्प केलं नाही.
गप्प करायला उत्तर लागतं.

मग झुल्मिराबाई.
त्यांच्या नवऱ्याची राख उत्तरेच्या गोलमागे आहे,
अर्ज न करता, अंधारात टाकलेली,
मीच कंदील धरला होता.
त्यांनी एवढंच विचारलं:
त्या जागी काय येईल हो?
दूध, की कुत्र्यांचं खाणं?
वकिलाचा नकाशा टेबलावर होता.
कुणी वाकून पाहिलं नाही.

मला कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
कप्तानाची जर्सी, ज्याच्या नावानं तुम्ही पेले उचलता,
सप्टेंबरपासून नुसती झटकून वाळत घातली तरी चालेल.
आणि नऊ नंबरची?
छाती, पाठ, कोपरे, बगलेतसुद्धा गवत.
दोनदा भिजवते, तिसऱ्यांदा घासते,
माझ्याच नाकी नऊ आणले त्या पोरानं.
गोल होत नाहीत त्याच्याकडून, खरंय.
पण पडतो कसा, ते मला माहीत आहे.

घरी येऊन दुसरं पोतं सोडलं.
सगळ्यात वर तीच.
धुतलेली. अजून ओली,
ड्रेसिंग रूमच्या बेसिनमध्ये, अंगाच्या साबणानं,
कॉलर चोळून चोळून पांढरी केलेली,
बाह्या आत घेऊन घडी घातलेली,
निघताना पाहुणा चादर घालून ठेवतो तशी.
चिठ्ठी नव्हती. मी खिसा शोधत राहिले.
जर्सीला खिसा नसतो.

तिकडे ते अजून मोजत असतील
त्याला विकलं तर किती येतील,
दिव्यांचे तरी सुटतील का.

गुरुवारी मतदान आहे.
ती मी पुन्हा धुतली नाही.
बाकीच्यांबरोबर दोरीवर घातली, मधोमध,
रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी मोजल्याच
तर सतरा भराव्यात म्हणून.